संत्री ट्रॅव्हल्सने, मांजर गाडीने

गुरुजींना मांजरं आवडत नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, कोणी विचारलेलं नसताना सांगतात, आणि मांडीवर झोपलेल्या मांजरीची झोप मोडू नये म्हणून आवाज खाली घेऊन सांगतात.

"मले काही लळा नाही बापा तिचा. पण जीव हाये ना तो."

हा 'पण' आमच्या मोहल्ल्यात प्रसिद्ध आहे. गुरुजींच्या वाक्यात 'पण'च्या अलीकडचं सगळं लोकांसाठी असतं, पलीकडचं खरं. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. 'हाड हाड' करत कुत्र्याला पोळी टाकणारे आजोबा, 'मोबाईल ठेव तो' म्हणून नातवावर ओरडून रात्री गुपचूप त्याचा रिचार्ज मारणारे मामा, ही सगळी त्याच गोत्रातली. यांना माया करता येते, फक्त ती करताना पकडलं गेलेलं चालत नाही.

गुरुजी आष्टीचे. आष्टी म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "बीडची का?" महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ. बीड जिल्ह्यात तालुक्याचं गाव आहे, गडचिरोलीत एक आहे, आणखीही आहेत. आमची वर्धा जिल्ह्यातली, शहीद आष्टी. 1942 साली 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, इथल्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला आणि गावानं आपली माणसं गमावली. गुरुजी शाळेत इतिहास शिकवायचे. त्यामुळे परगावी कोणी "बीडची का?" असं विचारलं, की त्याला उत्तर मिळत नाही, तास मिळतो. पुण्याच्या प्रवासात अशा दोन तासिका झाल्या, हे आधीच सांगून ठेवतो.

मांजर त्यांच्या मुलीची. 2020 च्या टाळेबंदीत मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली होती. तेव्हा संत्र्याच्या बागेत पाण्याच्या टाक्यामागे हे पिल्लू सापडलं. रंग दूध जास्त झालेल्या कॉफीसारखा, म्हणून मुलीनं नाव ठेवलं कॉफी. गुरुजींच्या तोंडात त्याचं झालं 'कापी'. आता ज्या माणसानं तीस वर्षं दहावीच्या केंद्रावर पोरांच्या बाह्यांतून, मोज्यांतून, कंपासच्या झाकणातून कॉप्या काढल्या, त्याच्या घरी हे नाव! मार्च महिन्यात, परीक्षेच्या ऐन दिवसांत, गुरुजी संध्याकाळी भिंतीवर वाटी आपटत "कापी! कापी! ये लवकर!" असं ओरडायचे, तेव्हा त्यांचे जुने विद्यार्थी गाडी थांबवून ऐकायचे. भरारी पथक आलं असतं तर काय झालं असतं, हा आमच्या पानठेल्यावरचा कायमचा विषय.

पुढे मुलीला पुण्याला ऑफिसात हजर व्हावं लागलं. दोन-तीन वर्षं ती खोल्या बदलत राहिली. मग स्वतःचा फ्लॅट झाला आणि एका रविवारी फोन आला, "बाबा, आता कॉफीला पाठवा."

"पाठवजो म्हणते," गुरुजी मला म्हणाले. "मांजर काय मनिऑर्डर हाये?"

आमच्याकडे मांजराच्या प्रवासाचा एकच प्रकार माहीत. मांजर दुधात तोंड घालायला लागली, किंवा पिल्लांना सात घरं फिरवत आपल्याच कपाटात आली, की तिला पोत्यात घालायची, तोंड सुतळीनं बांधायचं आणि गावाबाहेर सोडून यायची. त्यातही ओढ्यापलीकडे सोडली तर परत येते, वर्धा नदीच्या पलीकडे सोडली तर येत नाही, असा जाणत्यांचा सिद्धांत. कुत्रं माणसाचं असते, मांजर घराचं असते, हेही तेच जाणते सांगतात. तेव्हा सन्मानानं, पत्ता लिहून, एका घरातून दुसऱ्या घरी मांजर पोहोचवणं हा आष्टीत पहिलाच प्रयोग असावा. आणि पहिला प्रयोग म्हटल्यावर गुरुजींनी वही काढली.

वहीचं पहिलं पान: रेल्वे. आष्टीला रेल्वे नाही, पण गुरुजी स्टेशनवर जाऊन नियम विचारून आले. मांजर न्यायची तर फर्स्ट क्लासचा अख्खा कुपे घ्या, नाही तर गार्डाच्या डब्यात कुत्र्यांसाठी पेटी असते तीत ठेवा. नियम ठीकच होता, पण त्या पेटीचं नाव 'डॉग बॉक्स'. गुरुजी घरी आले ते घुश्श्यातच. "डॉग बॉक्समंदी मांजर! उद्या म्हणतीन पोरींच्या वसतिगृहात पोरं ठेवा." रेल्वेवर काट पडली. पानाखाली लाल शाईनं शेरा: 'अपमानास्पद.'

दुसरं पान: डॉक्टर. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गुरांचा मुलूख. इथल्या जनावरांच्या दवाखान्याला पांढरीधोप गाय कळते, बैलाचा खांदा कळतो. तिथं गुरुजी थैलीतून मांजर घेऊन गेले, तेव्हा रांगेतल्या बैलानंसुद्धा मान वळवली म्हणतात. डॉक्टर मात्र समजूतदार निघाले. औषधाचा डोस वजनावर असतो, वजन करून आणा, म्हणाले. बैल मोजायच्या काट्यावर मांजर उमटत नव्हती. गुरुजी तसेच किराणा दुकानात गेले. दुकानदारानं थैली काट्यावर ठेवली, तीन किलो सहाशे ग्राम सांगितलं आणि सवयीनं विचारलं, "काय टाकू यात?"

डॉक्टरांनी सांगितलेलं गुरुजींनी मुद्द्यांनी उतरवून घेतलं. निघायच्या पाच-सहा तास आधीपासून खाणं बंद, नाही तर गाडी लागते. पिंजरा सीटबेल्टनं बांधायचा, वर पातळ कापड टाकायचं, चालत्या गाडीत दार उघडायचं नाही. तोंड उघडं ठेवून धापा टाकायला लागली तर ऊन किंवा भीती बाधली समजायचं. शांत राहण्याची गोळी निघायच्या आदल्या आठवड्यात घरी एकदा देऊन पाहायची. आणि माणसांचं औषध कोणतंही द्यायचं नाही. हे शेवटचं फार कामाचं होतं, कारण शेजारच्या मावशी ऐन वेळी तापाची अर्धी गोळी घेऊन आल्याच होत्या, "प्रवासात अंग दुखते बिचारीचं" म्हणून. माणसाला बरी करणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तिच्या शरीराला ती पचवताच येत नाही. गुरुजींनी मावशींना दारातूनच परत पाठवलं, आणि वर्गातून बाहेर काढायच्या त्या जुन्या बोटानं पाठवलं.

तिसरं पान: तालीम.

पुण्याहून पिंजरा आला. तो तीन आठवडे बैठकीत दार उघडं टाकून ठेवायचा, खाणं आतच द्यायचं, असा मुलीचा हुकूम होता. पहिले आठ दिवस कॉफीनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नवव्या दिवशी दुपारी ती आत जाऊन झोपली, आणि त्यानंतर पिंजरा तिचाच झाला. इतका की त्यावर पेपर ठेवला तरी पंजा बाहेर यायचा. मांजराच्या गालाशी ग्रंथी असतात, ती गाल घासते तिथं तिचा वास राहतो आणि स्वतःच्या वासात तिला निर्धास्त वाटतं. म्हणून मऊ फडकं गालाला घासून पिंजऱ्यात ठेवायचं होतं. मऊ फडकं म्हणून गुरुजींनी खिशातला स्वतःचा रुमाल काढला. त्या दिवसापासून त्यांच्याकडे रुमाल राहिला नाही. शिंक आली की ते पिंजऱ्याकडे पाहतात आणि बाही वापरतात.

मग गाडी आली, म्हणजे मी आलो. मी त्यांचा जुना विद्यार्थी, शेजारी आणि गाडीवाला. या तिन्ही नात्यांत नाही म्हणायची सोय नाही. आधी इंजिन बंद ठेवून दहा मिनिटं नुसतं गाडीत बसणं. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू, गाडी जागेवर. मग बसस्टँडपर्यंत. मग तळेगावच्या हायवेपर्यंत जाऊन, चहा पिऊन परत. पंधरा दिवस हा कार्यक्रम चालला. गावात बातमी झाली की गुरुजी रोज संध्याकाळी मांजर फिरवायला कारनं नेतात. कोणी तोंडावर विचारलं की ते म्हणायचे, "गाडीची बॅटरी उतरते उभी राहून." गाडी माझी, बॅटरी माझी, आणि ती बरी होती.

या सगळ्यात काकू गप्प होत्या. तळेगावच्या चौथ्या फेरीनंतर त्या बोलल्या. "मले तीस वर्षांपासून गाडी लागते. लग्न होऊन आली तवा एस्टीत आर्वीपासून आष्टीपर्यंत खिडकीबाहेर तोंड होतं माह्यं. माही तालीम नाही घेतली कोणी तळेगावपर्यंत."

गुरुजींनी ऐकलं नाहीसं केलं. पण वहीत नोंद झाली: 'सौ. साठी पिशव्या 6.'

खरा पेच संत्र्यांचा. नोव्हेंबर संपत आलेला, आंबिया बहार उतरायला लागलेला. वरूड, मोर्शी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातून बाहेर जाणारा माणूस या दिवसांत रिकाम्या हातानं जात नाही. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते सरकारी कागदावर, पण आमच्याकडे पाहुण्याघरी पेटी नेणं त्याच्या कितीतरी आधीपासूनचा कायदा आहे. काकूंनी दोन क्रेट भरून ठेवले होते. एक मुलीला, एक तिच्या सोसायटीत वाटायला. आणि मुलीनं फोनवर सांगितलं की मांजरांना संत्र्या-लिंबाच्या सालीचा वास अजिबात सहन होत नाही.

घरात अर्धा तास शांतता होती. तिकडे संत्र्याच्या बागेत सापडलेलं पिल्लू आपल्या जातीच्या नियमाशी प्रामाणिक आहे की नाही हे तपासायला गुरुजींनी एक फोड तिच्यासमोर धरली. कॉफीनं नाक आक्रसलं, मागचा पाय झटकला आणि ती न्हाणीघरात निघून गेली. वहीत खूण झाली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही क्रेट सुतळीनं बांधून ट्रॅव्हल्सच्या पार्सलमध्ये गेले. भाडं वेगळं, हमाली वेगळी. भरलेल्या हंगामात गुरुजी रिकाम्या डिकीनं पुण्याला चालले, ही गोष्ट आमच्या ठेल्यावर आजही कोणी पटवून घेत नाही. काकूंचं दुःख आणखी निराळं होतं. गाडी लागली की संत्र्याची साल नाकाशी धरायची हा त्यांचा एकमेव इलाज, आणि त्यावर बंदी आलेली. लवंग मिळाली. लवंगेबद्दल वहीत काही नव्हतं.

रस्त्यावरून दोन रात्री वाद झाला. गुरुजींचा ओढा जुन्या रस्त्याकडे. तळेगाव, तिवसा, मोझरी, अमरावती, अकोला. त्यांच्या मते त्या रस्त्याची सर कशाला नाही. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नाव गेलं, हे ते मिनिटांसकट सांगतात, जणू 33 वं मिनिट त्यांनी स्वतः मोजलं. मी समृद्धी म्हणत होतो. सातशे एक किलोमीटरचा महामार्ग, 2022 च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत खुला झाला, 2025 च्या जूनमध्ये पूर्ण, आपल्याला धामणगावहून चढायला मिळतो, तर कशाला गावागावांतून जायचं? गुरुजी बधेनात. शेवटी मी एवढंच म्हणालो, "समृद्धीवर ब्रेकर नाहीत."

"एकही नाही?"

"एकही नाही."

गुरुजींनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "मंग तसं सांगायचं ना पहिले. मले काही घाई नाही, पण तुह्या गाडीचे शॉकअप वाचतीन."

पहाटे चारला निघालो. नारळ फुटला, दह्याची वाटी फिरली, ती मात्र माणसांतच. कॉफीला रात्री दहानंतर काही दिलेलं नव्हतं. मी येताना पोह्यांचा डबा आणला होता. आर्वी सुटल्यावर उघडू म्हणालो, तर गुरुजी असे पाहायला लागले की मी हातातला चमचा खाली ठेवला.

"ती उपाशी, अन् आपण पोहे खावाव?"

झालं. मांजराला सांगितलेला उपास चार जीवांना लागू झाला. काकूंनी पदराआड काहीतरी तोंडात टाकलं, त्याला मेथीच्या लाडवाचा वास होता. मी साक्ष दिली नाही.

आर्वीपर्यंत कॉफी एका सुरात ओरडत होती. म्याव म्हणण्यासारखं ते नव्हतंच, जुन्या विहिरीच्या रहाटासारखं काहीतरी होतं. गोळी दिलेली होती, पण गोळीला ते माहीत नसावं. गुरुजींनी आधी भजन लावायला सांगितलं. खंजिरी सुरू झाल्यावर कॉफीनं पट्टी वाढवली. भजन बंद. मग गुरुजी स्वतःच हळूहळू बोलायला लागले, पिंजऱ्यावरच्या कापडाकडे तोंड करून. हे काय, पाचेगाव. हे पाय, आर्वी आली. इथून पुलगावपर्यंत बारकी रेल्वे जायची, शकुंतला म्हणत तिले. मी मागे पाहिलं की "तुले सांगून रायलो," असं म्हणायचे. मी आर्वीतच लहानाचा मोठा झालो हे त्यांना माहीत आहे.

कौंडण्यपूर आलं. रुक्मिणीचं माहेर. गुरुजी इथं नेहमी पाच मिनिटं रुक्मिणीहरण घेतात. त्या दिवशी घेतलं नाही. पुलावर गाडी चढली तशी त्यांनी पिंजऱ्यातला रुमाल ओढून घेतला आणि नदीच्या बाजूनं, आधीच टाकलेल्या कापडावर, पुन्हा धरला. पूल संपेपर्यंत हात तसाच.

"वारा लागते," म्हणाले.

गाडीच्या चारही काचा वर होत्या.

मला कारण माहीत होतं, कारण बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा त्यांनी ते सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर सांगितल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. ते नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी घरची मांजर ज्वारीच्या पोत्यात घातली आणि पोतं यांच्या मांडीवर देऊन बैलगाडी नदीकडे हाकली. पोतं मांडीवर गरम लागत होतं, एवढंच वर्णन त्यांनी केलं. पलीकडच्या काठावर गाठ सोडली, ती निघाली, थोडं चालली आणि बसून राहिली. मी विचारलं होतं, "मंग आली का परत?" गुरुजी म्हणाले, "नदीपल्याडची येत नाही." आणि वर्गात शिकवताना खडू संपल्यावर टाकायचे तसे हात झटकले.

धामणगावला समृद्धीवर चढलो. वेगाची मर्यादा ताशी 120 आहे, आम्ही ऐंशीनं. ट्रक, टेम्पो, वरातीची गाडी, सगळे मागे टाकून गेले. एका गाडीतल्या लहान पोरानं काचेला नाक लावून आमच्याकडे दयेनं पाहिलं. पण कॉफी गप्प झाली होती. न थरथरणारा रस्ता तिला मानवला. गुरुजी दर पंधरा मिनिटांनी कापडाचं टोक उचलून पाहायचे, श्वास मोजायचे आणि "झोपली" असं सांगायचे. मग त्यांना वाटायचं की फारच झोपली, म्हणून बोट घालून पाहायचे. ती जागी व्हायची. मग ते म्हणायचे, "पाय, झोप नाही लागत बिचारीले."

कारंज्याच्या पुढे उलटी झाली. मांजरीला नव्हे, काकूंना. सहापैकी दोन पिशव्या कामी आल्या. (हे कारंजा लाड, आमचं कारंजा घाडगे वेगळं. आमच्या भागात गावांची नावंही जोडीजोडीनं ठेवलेली आहेत.) पुढच्या पेट्रोल पंपावर थांबलो. काकू सावलीत बसल्या. गुरुजी म्हणाले, हिलेही जरा मोकळी हवा पायजे, आणि पिंजरा उचलून पंपाच्या रस्त्यापलीकडे झाडाकडे निघाले. तेवढ्यात एक टेम्पोवाला निघत होता, त्यानं करकचून ब्रेक मारला. पिंजऱ्याच्या जाळीतून दोन हिरवे डोळे त्याच्याकडे पाहत होते.

"काय भाऊ, सकाळी सकाळी मांजर आडवी नेता?"

"मांजर नाही गेली आडवी," गुरुजी म्हणाले. "मी गेलो. ती बसून हाये."

टेम्पोवाला विचारात पडला. त्याच्या क्लीनरचं म्हणणं, मांजर पायानं गेली तरच धरतात. पंपावरच्या पोराचं म्हणणं, रस्ता ओलांडला म्हणजे ओलांडला, मग पालखीत का असेना. तिघांनी बराच खल केला. टेम्पोवाल्यानं शेवटी गुरुजींना विनंती केली की पिंजरा एकदा उलटा परत न्या, म्हणजे हिशोब मिटेल. गुरुजींनी नेला. मग त्यानं आभार मानून विचारलं, "गाव कोणतं बुवा?"

"आष्टी."

"बीडची?"

काकूंना बरं वाटायला तेवढा वेळ लागणारच होता.

जालना गेलं, संभाजीनगर गेलं, समृद्धी सुटली आणि नगरच्या रस्त्यावर ब्रेकर सुरू झाले. प्रत्येक ब्रेकरला गुरुजी दोन्ही हातांनी पिंजरा सीटपासून बोटभर उचलून धरायचे आणि गाडी उतरली की ठेवायचे. शिरूर येईस्तोवर त्यांचे खांदे गेले होते. दुपारी तीन वाजता मी भुकेनं कळवळून पोह्यांचा डबा उघडला, तर पोहे वाळून रेती झालेले. रेती म्हटल्यावर आठवलं, डिकीत संत्र्यांच्या जागी एक घमेलं होतं, आष्टीच्या मातीनं भरलेलं. "पुण्याच्या मातीत ती बसत नाही." ती पुण्याच्या मातीत कधी बसली होती, हे मी विचारलं नाही.

वाघोलीच्या गर्दीत दीड तास. सोसायटीच्या फाटकावर वहीत नोंद करायची होती. पाहुणे किती? गुरुजींनी लिहिलं: 'तीन + 1.' कुठून आले? 'आष्टी (शहीद), जि. वर्धा.' वॉचमन नगरकडचा होता. त्यानं आनंदानं विचारलं, "बीडची ना? आमच्या शेजारची." लिफ्ट दोनदा येऊन रिकामी गेली.

फ्लॅटमध्ये कॉफी पिंजऱ्यातून निघाली ती थेट पलंगाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात. मुलीनं बोलावलं, डबे वाजवले, सुकी मासोळी दाखवली. नाही. पहिली रात्र गेली, दुसरा दिवस गेला. वाटी भरलेली तशीच. मांजर दोन दिवसांहून जास्त उपाशी राहिली तर तिच्या यकृतावर येतं, फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं, आणि ते वाक्य गुरुजींनी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. घमेल्यातली माती मात्र रात्री कोणीतरी उकरून गेलं होतं. त्यावर गुरुजी सकाळी फार समाधानानं म्हणाले, "पाय. म्हटलं होतं का नाही?"

ते दोन्ही दिवस गुरुजी पलंगाशेजारी फरशीवर बसून पेपर वाचत होते. मोठ्यानं, अग्रलेखासकट. मुलगी म्हणाली, "बाबा, सोफ्यावर बसा ना." तर म्हणाले, "फरशी थंड हाये, कमरेले बरं वाटते." नोव्हेंबरच्या अखेरीला. जेवायला बोलावलं की अर्धी पोळी खाऊन उठायचे, पोट जड आहे म्हणून. संत्री आली होती, गॅलरीत दारामागे ठेवली होती, त्यांनी एक फोड तोंडात टाकली नाही. काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "याले मांजर आवडत नाही ते बरं हाये माय. आवडत असती तं काय केलं असतं?"

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पलंगाखाली कोणी वाकून पाहिलं नाही. गुरुजींनी मुलीला गॅसचं बटन, गॅलरीची जाळी आणि डॉक्टरचा नंबर यावर सूचना केल्या, वहीची तीन पानं फाडून फ्रिजला लावली आणि लिफ्टची वाट न पाहता सात मजले जिन्यानं उतरले. रिकामा पिंजरा बरोबर घेतला. "तिले आता कायले लागते? आपल्या कामी येईन." मागच्या सीटवर ठेवला, आणि नकळत बेल्ट लावला.

नगरला चहासाठी थांबलो तेव्हा मी फोनवर घरचा रस्ता लावला. नुसतं 'आष्टी' टाकलं. फोन म्हणाला, साठ-पासष्ट किलोमीटर. गुरुजींनी चष्मा वर करून पाहिलं. "त्यालेही बीडचीच वाटली," म्हणाले आणि फोनला काहीच शिकवलं नाही. म्हणजे मन ठिकाणावर नव्हतं. ब्रेकर आला की हात पिंजऱ्याकडे जायचा. समृद्धीवर मी शंभर केले तर काही बोलले नाहीत, ऐंशी केले तरी बोलले नाहीत.

संध्याकाळी आर्वीत शिरताना त्यांचा फोन वाजला. मुलीचा व्हिडीओ कॉल. गुरुजी म्हणाले, "मले नको दाखवू, हिले दाखव," आणि फोन काकूंकडे देता देता स्वतःच धरून बसले. कॉफी दुपारी बाहेर आली होती. सोफ्याखाली फिरली, गॅलरीतल्या क्रेटजवळ जाऊन नाक आक्रसून आली, आणि वाटी चाटूनपुसून साफ केली. आता टीव्हीवर बसली होती. मुलगी म्हणाली, "कॉफी, बघ बाबा!" कॉफीनं एकदा फोनकडे पाहिलं आणि शेपूट चाटायला घेतली.

"जेवली ना पण?" गुरुजींनी विचारलं. "पूर्ण जेवली? उलटी नाही ना केली?"

"नाही बाबा. सगळं खाल्लं."

त्यांनी फोन खिशात टाकला, सीटवर पुढे सरकले आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

"बाबू, घे बाजूले. त्या गाडीवर आलूबोंडे निघून रायले गरम. दोन प्लेट सांग माह्यासाठी. अन् तर्री वेगळी मांगजो."

काकूंनी खिडकी उघडली, पदराच्या गाठीतून पुण्याहून आणलेलं एक संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं.